पानाच्या शिरेत नेमके काय असते? – संवहनी ऊती आणि तिच्या मराठी संज्ञा

पानोपानी

वनस्पतिशास्त्राची तोंडओळख करून देणाऱ्या एका मराठी पुस्तिकेसाठी मी पानाच्या आडव्या छेदाची आकृती तयार करीत आहे. आकृती काढून झाली आहे, परंतु तिच्यातील भागांना नावे देण्याच्या टप्प्यावर काम अडले आहे. शालेय पुस्तकांत ‘जलवाहिनी’ आणि ‘रसवाहिनी’ असे शब्द येतात, मराठी विश्वकोशात त्यांच्याच जागी ‘प्रकाष्ठ’ आणि ‘परिकाष्ठ’ आढळतात, तर महाविद्यालयातून बाहेर पडलेले बहुतेक वाचक सरळ ‘झायलेम’ आणि ‘फ्लोएम’ म्हणतात. पेशी की कोशिका, ऊती की ऊतक, शीर की वाहक वृंद, असेही प्रश्न त्यांच्या मागोमाग येतातच. यांपैकी कोणता शब्दसमूह धरावा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

मात्र माझी शंका केवळ शब्दांपुरती नाही. आकृतीत जलवाहिनी शिरेच्या वरच्या अंगाला आणि रसवाहिनी खालच्या अंगाला दाखवतात, ती तशीच का असते, याचे कारण मला वाचकाला सांगता आले पाहिजे. तसेच ‘जलवाहिनी पाणी वर नेते आणि रसवाहिनी अन्न खाली आणते’ हे सर्वत्र छापलेले वाक्य खोडाच्या बाबतीत समजते. पण आडव्या पसरलेल्या पानात वर आणि खाली म्हणजे काय, आणि बाण कोणत्या दिशेने काढायचे, हे त्यातून कळत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष छेद घेऊन पाहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सूक्ष्मदर्शी

आपण शब्दांची आणि रचनेची शंका एकत्र मांडली हे चांगले केले, कारण रचना स्पष्ट झाली की शब्दांचा निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

सर्वप्रथम ऊती आणि तिच्यातील पेशी यांत फरक केला पाहिजे. झायलेम ही एकच नळी नव्हे, ती एक संयुक्त ऊती आहे. तिच्यात लांबट, टोकांना निमुळत्या आणि भिंतींवरील खाचांमधून एकमेकींना पाणी देणाऱ्या वाहिनिका असतात; एकावर एक रचल्या जाऊन मधल्या भिंती विरल्यामुळे सलग नळी झालेल्या वाहिका असतात; आधार देणारे तंतू असतात आणि साध्या, जिवंत मूल ऊतीच्या (पॅरेन्कायमा) पेशीही असतात. वाहिनिका आणि वाहिका या पक्व होतानाच मरतात आणि मेल्यावरच पाणी वाहण्याच्या कामाला येतात. फ्लोएममध्ये चाळणी नलिका, त्यांना चिकटून असणाऱ्या सहपेशी, मूल ऊती आणि तंतू असतात. चाळणी नलिकेची पेशी जिवंत असते, परंतु पक्व होताना ती आपले केंद्रक गमावते, त्यामुळे तिचा बराचसा कारभार शेजारची सहपेशी चालवते. ‘जलवाहिनी’ हा शब्द संपूर्ण ऊतीसाठी राखला आणि तिच्यातील नळीसाठी ‘वाहिका’ वापरला, तर आकृतीत एकाच नावाने दोन गोष्टी दाखवल्या जाण्याचा धोका टळतो. माझ्या पाहण्यातील बहुतेक सदोष आकृत्यांमध्ये हाच घोटाळा असतो: एका गोल छिद्राकडे रेघ ओढून ‘जलवाहिनी’ असे लिहिलेले असते आणि भोवतालच्या मूल ऊतीला काहीच नाव नसते.

पुस्तिका प्राथमिक ओळखीची आहे, म्हणून मी पेशी, ऊती, जलवाहिनी आणि रसवाहिनी हे शब्द सुचवीन, आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी प्रकाष्ठ व परिकाष्ठ हे पर्याय एकदा नोंदवावेत असे म्हणेन, म्हणजे पुढे विश्वकोशाकडे वळणाऱ्या वाचकाला ते परके वाटणार नाहीत. ‘प्रकाष्ठ’ या शब्दाचे एक सामर्थ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. कार्ल नेगेली यांनी १८५८ मध्ये झायलेम आणि फ्लोएम या संज्ञा रूढ केल्या, तेव्हा ग्रीक भाषेतील लाकूड आणि साल या अर्थांचे शब्द त्यांनी आधाराला घेतले होते. म्हणजे मूळ संज्ञा ही जागा आणि द्रव्य सांगणारी आहे, कार्य सांगणारी नाही. जलवाहिनी हा शब्द कार्य सांगतो. ज्या वाचकाला कार्य समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी तो अधिक उपयोगाचा आहे.

आता वर-खालीचा प्रश्न. खोडातील वाहक वृंदात, म्हणजे जलवाहिनी आणि रसवाहिनी यांच्या जुडग्यात, जलवाहिनी आतल्या बाजूला, म्हणजे खोडाच्या मध्याकडे, आणि रसवाहिनी बाहेरच्या बाजूला, सालीकडे असते. या वृंदाचा एक फाटा देठातून पानात शिरतो. कळीत असताना पान खोडाला बिलगून उभे असते. त्या वेळी खोडाकडे तोंड केलेली पानाची बाजू हीच पान उलगडल्यावर वरची बाजू होते, आणि खोडाकडे पाठ असलेली बाजू खालची होते. वृंद वाटेत गिरकी घेत नाही, तो सरळ आत येतो; म्हणून खोडात जे आत होते ते पानात वर येते आणि जे बाहेर होते ते खाली जाते. आपल्या आकृतीशेजारी खोड आणि देठ यांचा उभा छेद लहानसा काढला, तर एक वाक्यही न लिहिता हे समजेल.

शंकासूर

वरील प्रतिसादातील नियम सरसकट लागू होत नाही, याची नोंद असावी. भोपळ्याच्या कुळात जलवाहिनीच्या दोन्ही अंगांना रसवाहिनी असते. वांगी-बटाट्याच्या कुळात आणि कण्हेरीच्या कुळातही आतल्या बाजूची अशी रसवाहिनी आढळते. या वनस्पतींच्या पानाच्या मध्यशिरेत जलवाहिनीच्या वरही रसवाहिनीचे पुंजके दिसतात. पुस्तिकेतील आकृती कोणत्या वनस्पतीची आहे, हे तिच्याखाली लिहिले नाही, तर एखादा उत्साही वाचक भोपळ्याचे पान कापून पाहील आणि पुस्तिका चुकली असे म्हणेल.

सूक्ष्मदर्शी

सूचना अगदी योग्य आहे. प्रत्येक आकृतीखाली वनस्पतीचे नाव आणि छेद कोठून घेतला, मध्यशिरेतून की पात्याच्या बाजूच्या भागातून, हे दोन्ही दिलेच पाहिजे. मध्यशिरेतील वृंद आणि बारीक शिरेतील वृंद यांत इतका फरक असतो की, एकाची आकृती दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

बीजांकुर

हा विषय हातात धरून पाहता येण्यासारखा आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली पिंपळपानाच्या जाळीची. पान बरेच दिवस पाण्यात कुजू दिले किंवा धुण्याच्या सोड्यात उकळले, की त्याचा हिरवा गर सुटतो आणि शिरांची जाळी उरते. अनेकांना वाटते की त्या जाळीत पानातील संपूर्ण वहनव्यवस्था दिसते. प्रत्यक्षात तिच्यातील एक अंग नाहीसे झालेले असते. जलवाहिनीच्या वाहिकांच्या भिंती आणि भोवतालचे तंतू यांच्यात लिग्निन हे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य असते, म्हणून ते कुजण्याला दाद देत नाहीत. रसवाहिनीच्या चाळणी नलिकांच्या भिंती मात्र मऊ सेल्युलोजच्या असतात आणि त्या गराबरोबरच निघून जातात. आपण हातात धरतो तो जलवाहिनीचा आणि आधार-तंतूंचा सांगाडा असतो. पुस्तिकेत जाळीचे छायाचित्र देणार असाल, तर त्याखाली ही एक ओळ अवश्य लिहावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट मृणालतंतूंची. कमळाचा देठ मोडून दोन तुकडे हळूहळू दूर ओढले, तर त्यांच्यामध्ये अतिशय तलम, चमकदार धागे ताणले जातात. काव्यात हे तंतू शतकानुशतके आले आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते जलवाहिनीतील वाहक पेशींच्या भिंतींवरील सर्पिल जाडी आहेत, ज्या ओढल्यामुळे उलगडून बाहेर येतात. हे धागे काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते कोठे सरळ ताणलेले आणि कोठे अजून वेटोळ्यात राहिलेले दिसतात. वाढत्या अवयवात ही सर्पिल जाडी फार महत्त्वाची असते. देठ लांब होत असतानाही पाणी पुरवावे लागते. भिंत सर्वत्र सारखी जाड असती तर ती ताणली गेली नसती, आणि जाडीच नसती तर आतल्या ओढीने नळी चेपली गेली असती. वेटोळ्यांमुळे दोन्ही साधते. प्रथम तयार होणाऱ्या या जलवाहिनीला विश्वकोशीय परिभाषेत आदिप्रकाष्ठ आणि वाढ थांबल्यावर तयार होणाऱ्या रुंद वाहिकांच्या भागाला अनुप्रकाष्ठ म्हणतात. येथे मला विश्वकोशाचे शब्द अधिक नेमके वाटतात. ‘आदिजलवाहिनी’ असा शब्द घडवता येईल, पण तो जड होतो.

सतराव्या शतकात मार्चेल्लो मालपिगी यांनी ही सर्पिल जाडीची नलिका पाहिली, तेव्हा त्यांना ती कीटकांच्या श्वासनलिकेसारखी दिसली. त्या साम्यावरून पडलेले नाव वाहिनिकांच्या आंतरराष्ट्रीय संज्ञेत (ट्रॅकीड) आजही टिकून आहे, जरी तिच्यातून हवा नव्हे तर पाणी वाहते, हे पुढे सिद्ध झाले.

पानोपानी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. जाळीत रसवाहिनी नसते, हे कळल्यावर माझी मुख्य शंका अधिकच ठळक झाली आहे. एक ऊती मृत आणि कठीण, दुसरी जिवंत आणि मऊ, आणि तरीही दोन्ही एकाच शिरेत अंगाला अंग लावून असतात. मग पाणी एकीकडून येते आणि साखर दुसरीकडून जाते, ते नेमके कोठे व कशाच्या जोरावर? शिरेच्या अगदी शेवटच्या टोकाला काय असते?

सूक्ष्मदर्शी

हा प्रश्न या धाग्याच्या गाभ्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पानाच्या पेशींच्या ओलसर भिंतींवरून पाण्याची वाफ होते आणि ती पर्णरंध्रांतून बाहेर जाते. यालाच आपण बाष्पोच्छ्वास म्हणतो. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी बहुतांश पाणी याच वाटेने निघून जाते. भिंतींमधील अतिसूक्ष्म फटींत पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि त्याची ओढ मागच्या पाण्यावर बसते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे ही ओढ शिरेतून, देठातून आणि खोडातून थेट मुळापर्यंत पोहोचते. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेली ही उपपत्ती आजही मूलतः मान्य आहे. साध्या दिवशी पानाच्या जलवाहिनीतील पाणी १ ते २ मेगापास्कल इतक्या ऋण दाबाखाली असू शकते, म्हणजे त्यावर हवेच्या दाबाच्या दहा ते वीस पट ताण असतो. एवढ्या ताणाखाली जिवंत पेशीची मऊ भिंत आत ओढली जाऊन नळी मिटली असती. मृत पेशी आणि लिग्निनयुक्त भिंत ही येथे गरज आहे.

रसवाहिनीत परिस्थिती याच्या नेमकी उलट असते. पर्णमध्यातील, म्हणजे पानाच्या हिरव्या गरातील, पेशींनी तयार केलेली साखर, मुख्यतः सुक्रोज, बारीक शिरांतील सहपेशी आणि चाळणी नलिका यांत भरली जाते. तेथील साखरेचे प्रमाण भोवतालच्या पेशींपेक्षा पुष्कळ वाढले की परासरणाने पाणी आत शिरते आणि दाब वाढतो. हा दाब धन असतो, साधारण १ मेगापास्कलच्या आसपास. ज्या ठिकाणी साखर वापरली जाते, उदाहरणार्थ मूळ, कोवळा कोंब किंवा वाढते फळ, तेथे ती बाहेर काढली गेल्यामुळे दाब कमी असतो आणि या दाबांतील फरकामुळे रस वाहतो. एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडलेली दाबप्रवाहाची ही उपपत्ती आहे. साखर पकडून ठेवण्यासाठी येथे पेशीचे पटल जिवंत आणि शाबूत असावेच लागते, म्हणून रसवाहिनी मृत पेशींची असू शकत नाही.

आणि हे लक्षात घेण्याजोगे आहे की, रसवाहिनीत जे पाणी शिरते ते शेजारच्या जलवाहिनीतूनच येते. एक ऊती ओढीखाली, दुसरी दाबाखाली, आणि दोहोंमध्ये अवघ्या काही पेशींचे अंतर. पानाची शीर म्हणजे या दोन विरुद्ध अवस्थांचा शेजार होय. माझ्या मते आपल्या पुस्तिकेने वाचकाला एवढी एक गोष्ट पटवून दिली तरी तिचे काम झाले.

शिरेच्या टोकाविषयी. मध्यशिरेपासून फाटे फुटत फुटत शिरा बारीक होत जातात आणि द्विदल वनस्पतींच्या पानांत जाळीच्या सर्वांत लहान चौकटीत त्यांची मोकळी टोके असतात. पुष्कळ वनस्पतींत चाळणी नलिका टोकाच्या थोड्या अलीकडेच संपतात आणि अगदी शेवटी केवळ एक-दोन वाहिनिका उरतात. या बारीक शिरांत आणखी एक उलटफेर दिसतो. खोडात सहपेशी चाळणी नलिकेपेक्षा लहान असते, पण येथे ती नलिकेपेक्षा मोठी असते, कारण साखर भरण्याचे काम येथेच चालते. मध्यशिरेचा छेद कितीही सुंदर आला, तरी तो केवळ वाहतुकीचा मार्ग दाखवतो. देवाणघेवाण दाखवायची असेल तर बारीक शिरेचाच छेद घ्यावा लागतो.

साखर भरण्याच्या पद्धतीही सर्वत्र एकसारख्या नाहीत. मका, बटाटा आणि तंबाखू यांत सुक्रोज पेशींच्या भिंतींमधून येते आणि पटलावरील वाहक प्रथिने ऊर्जा खर्चून ते आत ओढतात. भोपळ्याच्या कुळात ते पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म जीवद्रव्यसेतूंतून सहपेशीत येते आणि तेथे त्याचे रॅफिनोज, स्टॅकिओज अशा मोठ्या शर्करांत रूपांतर होते. या मोठ्या रेणूंना त्याच अरुंद सेतूंतून परत जाता येत नाही. काही वृक्षांत पर्णमध्यातच साखर इतकी दाट असते की ती केवळ विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरत, शिरेत उतरते.

शंकासूर

उपपत्ती पटते, पण या ताणाचा आणि दाबाचा प्रत्यक्ष पुरावा काय, हे वाचकांसाठी येथे यावे. चाळणी नलिकेला सुई टोचून दाब मोजावा, तर ती ताबडतोब बुजते असे वाचले आहे.

सूक्ष्मदर्शी

बरोबर आहे, इजा होताच चाळणीची छिद्रे प्रथिनांनी आणि पाठोपाठ कॅलोज नावाच्या बहुशर्करेने बुजवली जातात. थिओडोर हार्टिग यांनी १८३७ मध्ये चाळणी नलिका शोधल्या, तरी त्यांच्यातील रस शुद्ध स्वरूपात मिळवणे अनेक दशके कठीण होते, ते याच कारणामुळे. वाट मावा किडीने दाखवली. मावा आपली अतिशय बारीक सोंड पेशींच्या मधून नेऊन एकाच चाळणी नलिकेत रोवतो आणि नलिका बुजत नाही. जॉन केनेडी आणि टॉम मिटलर यांनी १९५३ मध्ये अशा माव्याची सोंड रोवलेल्या अवस्थेतच कापली, तेव्हा उरलेल्या तुकड्यातून रस बराच काळ आपोआप पाझरत राहिला. मावा शोषून घेतो म्हणून रस येतो असे नसून, रस स्वतःच्या दाबाने बाहेर येतो, हे त्यातून दिसले. मावा बहुधा पानाच्या खालच्या बाजूला आढळतो. तेथे ऊन आणि पाऊस यांपासून आडोसा मिळतो हे खरेच, पण रसवाहिनीही त्याच बाजूला जवळ असते.

ताणाचे मापन करण्यासाठी पर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडलेली दाबकक्षाची पद्धत आजही वापरली जाते. पान देठासह तोडले की ताणाखाली असलेले पाणी कापलेल्या टोकापासून आत सरकते. पान बंद कक्षात ठेवून, देठाचे टोक बाहेर काढून, आतील वायूचा दाब वाढवत नेतात आणि टोकावर पाण्याची ओल पुन्हा ज्या क्षणी चकाकते त्या क्षणीचा दाब नोंदवतात. पाणी जितक्या जोराने ओढलेले होते, साधारण तितकाच दाब ते परत आणायला लागतो.

ताण मर्यादेबाहेर गेला तर पाण्याचा स्तंभ तुटतो आणि वाहिकेत वायूचा बुडबुडा भरतो. जॉन मिलबर्न आणि आर. जॉन्सन यांनी १९६६ मध्ये एरंडाच्या पानावर ध्वनिग्राहक जोडून हे तुटणे ऐकले. सुकत जाणाऱ्या पानातून टिकटिक असे आवाज येत होते आणि पानाला पाणी दिले की ते थांबत होते. जाळीदार शिरांचा फायदा येथे लक्षात येतो, कारण एक वाट बंद पडली तरी पाण्याला वळसा घेऊन पुढे जाता येते.

बीजांकुर

आपली पुस्तिका एकदल वनस्पतीचे पानही दाखवणार असेल, तर मक्याच्या पानाचा छेद जरूर घ्यावा. ताज्या पानाची गुंडाळी करून ती गाजराच्या तुकड्यात धरावी, नव्या पात्याने पातळ चकत्या काढून पाण्यात सोडाव्यात आणि सर्वांत पारदर्शक चकती निवडावी. सॅफ्रानिन या रंजकाने लिग्निनयुक्त भिंती लाल होतात. न रंगवलेली चकतीही आधी पाहावी, कारण या पानाचे वैशिष्ट्य त्याच्या नैसर्गिक हिरव्या रंगातच आहे. प्रत्येक वृंदाभोवती मोठ्या पेशींचे एक कडे असते, त्यातील हरितलवके ठसठशीत आणि गडद दिसतात. त्याबाहेर पर्णमध्याच्या फिकट पेशींचे दुसरे कडे असते. मोठ्या वृंदांत दोन रुंद वाहिका डोळ्यांसारख्या शेजारी-शेजारी, त्यांच्या वरच्या अंगाला आदिप्रकाष्ठ आणि खालच्या अंगाला रसवाहिनीचा लहानसा, नाजूक पुंजका दिसतो. दोन मोठ्या वृंदांमध्ये अनेक लहान वृंद असतात, त्यांत वाहिका बारीक असतात, पण कडे तितकेच ठळक असते.

गॉटलीब हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रचनेला जर्मन भाषेतील पुष्पमालेचा शब्द दिला, आणि ‘क्रान्झ रचना’ हे नाव तेव्हापासून रूढ आहे. तिचे प्रयोजन मात्र हॅच आणि स्लॅक यांच्या १९६६ च्या संशोधनानंतर उलगडले. बाहेरच्या कड्यातील पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनच्या आम्लात बांधतात. ते आम्ल आतल्या कड्यात जाते, तेथे वायू पुन्हा मोकळा होतो आणि त्याच्यापासून साखर तयार होते. म्हणजे साखर शिरेला लागूनच तयार होते. दोन्ही कड्यांतील पेशी एकमेकींना भिडलेल्या असणे आवश्यक असल्यामुळे अशा पानांत दोन शिरांमध्ये पर्णमध्याच्या बहुधा दोनच पेशी मावतात. ऊस, ज्वारी, बाजरी यांच्याही पानांत हेच दिसेल.

वृंदाभोवतीच्या या आवरणासाठी मी ‘वृंदावरण’ असा सुटसुटीत शब्द सुचवते. क्रान्झ रचना नसलेल्या पानांतही हे आवरण असते. फक्त तेथे ते फिकट असते. शिरेतून पर्णमध्यात जाणारे पाणी आणि पर्णमध्यातून शिरेकडे येणारी साखर या दोघांनाही ते ओलांडावेच लागते.

पानोपानी

‘वृंदावरण’ मी निश्चितच घेईन. आता शिराविन्यासाविषयी, म्हणजे शिरांच्या मांडणीविषयी, विचारते. द्विदलांत जाळीदार आणि एकदलांत समांतर, एवढेच लिहिणे पुरेसे आहे का?

शंकासूर

पुरेसे नाही, किमान ‘बहुधा’ हा शब्द हवा. अळू आणि घोटवेल एकदल असूनही त्यांच्या शिरा जाळीदार असतात. उंडी द्विदल असून तिच्या पानातील बाजूच्या शिरा दाट आणि समांतर असतात. शिवाय समांतर शिरांनाही आडव्या बारीक शिरा जोडतात, हे मक्याचे पान उजेडाकडे धरले की दिसते. गिंकोच्या पानात प्रत्येक शीर दोन-दोन फाट्यांत विभागत जाते, सायकसच्या पर्णिकेत तर एकच मध्यशीर असते आणि तिला फाटे फुटतच नाहीत.

सूक्ष्मदर्शी

सायकसमध्ये मध्यशिरेपासून कडेपर्यंत पाणी पोहोचवण्यासाठी वाहिनिकांसारख्या आडव्या पेशींची वेगळी ऊती असते. पाइनच्या सुईसारख्या पानातही वृंदाभोवती अशीच ऊती आढळते. तिच्यासाठी मराठीत सर्वमान्य शब्द माझ्या वापरात नाही, म्हणून ‘वृंदाबाहेरील वाहक पेशी’ असे वर्णनच करावे.

शिरांच्या दाटीविषयी एक आकडा पुस्तिकेत यावा. सपुष्प वनस्पतींच्या पानांत एका चौरस मिलिमीटरमध्ये शिरांची एकूण लांबी सरासरीने ८ मिलिमीटरच्या आसपास भरते, काहींत ती २० च्या वर जाते. नेचे आणि अनावृतबीजी वनस्पती यांत ती सुमारे २ च्या घरात असते. शीर जितकी जवळ, तितके पाण्याला जिवंत पेशींमधून हळूहळू पार करावे लागणारे अंतर कमी, आणि पर्णरंध्रे तितकी अधिक उघडी ठेवता येतात. संपूर्ण वनस्पतीतून पाणी वाहताना जो विरोध होतो, त्यातील साधारण ३० टक्के विरोध एकट्या पानात असतो. पानाचा मार्ग काही सेंटिमीटरचा आणि खोडाचा कित्येक मीटरचा असूनही हे असे आहे.

पानोपानी

शेवटची शंका बाणांची. जलवाहिनीचा बाण देठाकडून पात्याकडे काढते. रसवाहिनीचा बाण पात्याकडून देठाकडे काढला तर चालेल ना?

बीजांकुर

जलवाहिनीचा बाण बरोबर आहे. दमट रात्री पर्णरंध्रे मिटलेली असतानाही पाणी त्याच दिशेने येऊ शकते. तेव्हा मुळांच्या दाबाने ते वर ढकलले जाते आणि पानाच्या कडेला, शिरा संपतात तेथील जलरंध्रांतून थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. गवताच्या टोकावर पहाटे दिसणारे सर्वच थेंब दव नसतात.

सूक्ष्मदर्शी

रसवाहिनीच्या बाणाचे उत्तर पानाच्या वयावर अवलंबून आहे. कोवळे पान स्वतःपुरती साखर तयार करू शकत नाही, म्हणून त्याच्या रसवाहिनीतून साखर देठाकडून पात्याकडे, म्हणजे आत येते. पान त्याच्या पूर्ण आकाराच्या साधारण अर्ध्यापर्यंत वाढले की स्थिती पालटू लागते, आणि ती सगळ्या पानात एकदम पालटत नाही. भोपळ्याच्या पानांना किरणोत्सर्गी कार्बन देऊन केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे: बदल टोकापासून सुरू होतो आणि बुडख्याकडे सरकत जातो. त्या मधल्या काळात एकाच पानाचे टोक साखर बाहेर पाठवत असते आणि त्याचा बुडखा इतर पानांकडून ती घेत असतो. एकदा पालट झाला की पान पुन्हा आयात करू लागत नाही; पक्व पान अंधारात ठेवले तरी इतर पाने त्याला पोसत नाहीत.

तेव्हा आकृतीखाली ‘पक्व पान’ असे लिहावे आणि मग रसवाहिनीचा बाण देठाकडे काढावा. जागा असेल तर शेजारी कोवळ्या पानाची लहान बाह्याकृती काढून तिच्यात उलटा बाण दाखवावा. ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द दोन्ही आकृत्यांतून काढून टाकावेत, आणि त्यांच्या जागी ‘साखर तयार होते तेथून’ व ‘साखर लागते तेथे’ असे लिहावे.

पानोपानी

दोन्ही आकृत्या भोपळ्याच्याच पानाच्या काढते, आणि मध्यशिरेत जलवाहिनीच्या वरचीही रसवाहिनी दाखवते. छेद तयार झाले की छायाचित्रे याच धाग्यावर देईन. बारीक शिरेतील सहपेशी ओळखण्यासाठी आपल्या सर्वांची मदत लागेल.

सूक्ष्मदर्शी

जरूर द्यावीत. सहपेशींसाठी टोल्युइडिन ब्लूचा अगदी फिका द्राव वापरावा: लिग्निनयुक्त भिंती निळसर-हिरव्या होतात, सेल्युलोजच्या भिंती जांभळ्या-गुलाबी, आणि सहपेशी दाट जीवद्रव्यामुळे शेजारच्या रिकाम्या दिसणाऱ्या चाळणी नलिकेपेक्षा गडद उठून दिसते. गडद द्राव घेतला तर सर्वच निळे होईल आणि रसवाहिनी मुळीच वेगळी काढता येणार नाही.